घराने शिकवलेली मराठी

मराठी आम्हाला येत होती. येत होती कसली, आम्ही ती शिकवत होतो. आम्ही दोघेही नवरा-बायको शिक्षक. बी.एड.ला घेतलेले विषय उर्दू आणि मराठी, आणि गेली वीस-बावीस वर्षे कोल्हापुरात हेच दोन विषय मुलांपुढे मांडत आलो. समास सोडवून दाखवले, विभक्तीचे तक्ते भिंतीवर लावले, निबंधांच्या गठ्ठ्यांवर लाल शाई संपवली. तरीही मालवण तालुक्यातले वडिलोपार्जित घर दुरुस्तीला काढले तेव्हा कळले की घराची मराठी ही एक निराळीच मराठी असते. पुस्तकात तिचा थोडाच भाग सापडतो. बाकीची निम्मी गवंड्या-सुताराच्या तोंडी असते आणि निम्मी तहसील कचेरीच्या दप्तरात बांधून ठेवलेली असते. ती शिकण्यात आमची चार वर्षे गेली. घराला लागलेल्या पैशांचा हिशेब वहीत आहे. या भाषेचा हिशेब इथे मांडतो आहोत, कारण तो आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते.

घर दादाजाननी बांधलेले. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी, मागीलदारी न्हाणी आणि परसात बाव म्हणजे विहीर. खाडी हाकेच्या अंतरावर. आम्हा दोघांपैकी कोणीच तिथे वाढलेले नाही. एकाचे बालपण सोलापूरच्या दखनीत गेले, दुसऱ्याचे कुर्ल्याच्या चाळीत. गावी जायचे ते मे महिन्यात आठ दिवस, आंबे-फणस खाण्यापुरते. थोरले चाचा गावात होते तोवर घर उघडे होते. ते गेले, त्यांची मुले रत्नागिरीत स्थायिक झाली आणि दाराला कुलूप लागले. सात पावसाळे ते कुलूप तसेच राहिले. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. बंद घर तो किती दिवस झेलणार? आम्ही दार उघडले तेव्हा मागच्या खोलीचे छप्पर खाली आले होते आणि भिंतीच्या सांध्यातून पिंपळाने डोके वर काढले होते.

धाकटे चाचा म्हणाले, विकून टाका. आमच्या मनाने घेतले की दुरुस्त करू. सुट्ट्या दोनच, दिवाळीची आणि मेची. त्यातही मेची सुट्टी म्हणजे मृगाच्या पावसाशी शर्यत. जूनच्या पहिल्या आठवड्यापूर्वी कौले चढली नाहीत तर सगळे केलेले वाहून जाणार.

पहिला धडा मेस्त्रींनी दिला. आढ्याकडे बघून ते म्हणाले, “वासो कुजलो हा. बदलूक व्हयो.” एवढे समजले. पुढे म्हणाले, “सुतार सांगान गेलो. फाल्या येतलो.” आता आमच्या व्याकरणात ‘गेलो’ हे प्रथमपुरुषी रूप. मी गेलो. मग मेस्त्री कुठे गेले होते? ते तर समोर उभे! दोन दिवसांनी नियम उलगडला. मालवणीत पुल्लिंगी शब्द ओकारान्त होतो. वासा तो वासो, चिरा तो चिरो, दरवाजा तो दरवाजो. क्रियापदही त्याच वळणाने जाते: तो इलो, तो गेलो, तो येतलो. स्वतःबद्दल बोलायचे तर ‘मी गेलंय’. ‘फाल्या’ म्हणजे उद्या. सुताराचा फाल्या नेमका कोणत्या तारखेला उजाडतो हे मात्र कोणत्याच व्याकरणात नाही.

या बोलीला शंभरेक वर्षांपूर्वी कागदोपत्री ‘कुडाळी’ म्हणत. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, त्यात ती याच नावाने नोंदली आहे. कुडाळ हा आमच्या शेजारचाच तालुका. उरलेल्या महाराष्ट्राला मालवणी कळली ती गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकातून. मच्छिंद्र कांबळींनी १९८० पासून ते गावोगाव नेले आणि लोकांनी पोट धरधरून हसून घेतले. त्यामुळे पुष्कळांचा समज असा की ही हसण्याची भाषा. परातीवर उभे राहून तीच भाषा ऐकली की हसू येत नाही. वरून कोणी “हयसर नको, थयसर रव” असे ओरडला आणि हयसर म्हणजे इथे, थयसर म्हणजे तिथे, हे उमगायला क्षणभर उशीर झाला तर वासा डोक्यात बसतो. आम्ही वर्गात मुलांना नेहमी सांगतो की भाषा ऐकून शिका. ऐकणे इतके निकडीचे असू शकते हे आम्हाला त्या मे महिन्यात कळले.

मग चिरा. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीतून काढला तेव्हा मऊ असतो, हत्याराने सहज कापला जातो, आणि हवेत राहिला की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरने मलबारात हाच दगड पाहिला आणि १८०७ साली निघालेल्या पुस्तकात त्याला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटराइट’ म्हटले. मेस्त्रींना लॅटिन नको असते. ते चिऱ्यावर टकटक करून कान लावत. “चिरो बोलता,” असे म्हणत. खणखणीत बोलला तो भिंतीत, बदबदला तो बाजूला. एका थराचा सांधा वरच्या थरातल्या चिऱ्याच्या मध्यावर यावा लागतो, त्याला ‘सांधमोड’ म्हणतात. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच फाटते. पिंपळ जिथून उगवला होता तिथे नेमके हेच झाले होते, हे त्यांनी बोट ठेवून दाखवले.

उर्दूच्या शिक्षकाला मेस्त्री-सुतारांच्या पेटीत खजिनाच सापडतो. लाकूड गुळगुळीत करायचा रंधा हा फारसीतला ‘रंदा’. काटकोन बघायचा गुण्या हा फारसीतला ‘गुनिया’. भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा ओळंबा मात्र संस्कृतातून आलेला. त्याला उर्दूत ‘साहुल’ म्हणतात. हा शब्द आम्ही शब्दकोशात वाचला होता, पण तो दोरीला लटकताना आधी पाहिला नव्हता. आणि तिसरे घराणे पोर्तुगिजांचे. तेरेखोल नदी ओलांडली की गोवा, आणि तिथे पोर्तुगीज १५१० पासून १९६१ पर्यंत होते. त्यांचे राज्य गेले, शब्द राहिले. ‘मेस्त्री’ हा शब्दच त्यांचा. घमेले त्यांचे, बालदी त्यांची, बिजागरी त्यांची, चावी त्यांची. खिडकीला आमचे मेस्त्री ‘जनेल’ म्हणत, तेही त्यांचेच. शनिवारी संध्याकाळी जो वाटायचा तो ‘पगार’सुद्धा त्यांचा. कौलांची गोष्ट आणखी वेगळी. मंगळूरला १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी यंत्रावर कौले पाडण्याचा कारखाना काढला, म्हणून ती मंगलोरी. त्याआधी छपरावर गावच्या कुंभाराचे नळे असत. गावातली वडीलधारी माणसे मंगलोरी कौलांनाही अजून नळेच म्हणतात.

एका भिंतीत इतक्या भाषा चिणलेल्या आहेत. चावीला कोणी विचारत नाही की तू कुठली. कुलूप उघडले की झाले.

कौले चढायच्या आधीच दुसरी शाळा सुरू झाली. घराचा मागचा भाग नव्याने उभारायचा तर सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी होती. हिस्सेदार कोण, हे कागद सांगणार. आमचे घर ज्या जमिनीत आहे तिचा सातबारा काढला. गावच्या महसुली दप्तरात एकवीस नमुने असतात. त्यातला सातवा नमुना जमीन कोणाची हे सांगतो, बारावा तीत काय पिकते ते सांगतो, आणि दोन्ही एका कागदावर येतात म्हणून सातबारा. हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आम्हाला आश्चर्य वाटले ते त्यातल्या शब्दांचे.

‘मौजे’ म्हणजे आपला ‘मौज़ा’. तालुका, जिल्हा, तहसील, महसूल, हद्द, कब्जा, हक्क, वारस, मयत, अर्ज, नक्कल, दाखल. अर्धे दप्तर अरबी-फारसी. उर्दू माध्यमात शिकलेल्या माणसाला सरकारी मराठीची जी भीती वाटते, ती या शब्दांकडे नीट पाहिले तर निम्मी ओसरते. पण निम्मीच. कारण ओळखीचे शब्द इथे सासरी आलेल्या मुलीसारखे आहेत. नाव तेच, वागणे या घरचे. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत तो कागदांचा गठ्ठा, आणि शाळेत तर पोरांच्या पाठीवरची पिशवी. उर्दू व्याकरणात इस्म म्हणजे नाम. पंचनाम्यातला इसम म्हणजे चालता-बोलता माणूस. उर्दूत खुलासा म्हणजे सारांश; मराठीत तो मागितला की लांबलचक स्पष्टीकरण लिहावे लागते. उर्दूत राज़ीनामा म्हणजे संमतीचा कागद. मराठीत राजीनामा म्हणजे पद सोडणे. हे कसे झाले? जुन्या मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा ‘राजीनामा’ द्यायचा आणि घेणारा ‘कबुलायत’ लिहून द्यायचा. राजीखुशीने सोडतो असे म्हणता म्हणता नुसते सोडणेच उरले. कबुलायतीचे शेपूट तर आमच्या जिल्ह्यात अजून वळवळते आहे. आंबोली, चौकुळ, गेळे या गावांच्या कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न वर्तमानपत्रांत आपण वाचतोच.

शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांनी ‘राज्यव्यवहारकोश’ तयार केला आणि दरबारातल्या सुमारे चौदाशे फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. दरबाराच्या भाषेवर त्याचा परिणाम झाला. जमिनीची भाषा मात्र जागची फारशी हलली नाही. आम्हाला वाटते, ज्या शब्दावर दोन भावांचे एकदा भांडण मिटले, तो शब्द बदलायला कोणीच धजत नाही.

घरातल्या पत्र्याच्या पेटीत १९३४ सालचे खरेदीखत निघाले. मोडीत लिहिलेले. आधी वर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरे तिला लटकवत जायची, अशी ही लिपी. ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नाहीत, शब्दांमध्ये जागा सोडलेली नाही. उर्दू-फारसीत घाईच्या वळणाला ‘शिकस्ता’ म्हणतात, म्हणजे मोडलेले. मोडीचे नावही मोडण्यावरूनच आले असे मानणारे अभ्यासक आहेत. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मोडी गिरवायला बसलो. शिकस्ता वाचायची सवय असलेल्या डोळ्यांना ती लवकर वश होते. दोन्हीकडे अक्षर कमी वाचायचे आणि अंदाज जास्त बांधायचा.

त्या कागदात दादाजाननी जमीन कशासकट घेतली ते लिहिले होते: जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप. म्हणजे पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड आणि जमिनीत कोणी काही पुरून ठेवले असेल तर तेही. मग चतुःसीमा. पूर्वेस व्हाळ. पश्चिमेस पाणंद. दक्षिणेस गडगा. उत्तरेस ‘पावळीची जागा सोडोन’. वर्षभरापूर्वी हा कागद हातात आला असता तर आम्हाला शब्दकोश लागला असता. आता लागला नाही. व्हाळ म्हणजे ओहोळ, पाणंद म्हणजे दोन कुंपणांमधली वाट, गडगा म्हणजे चिऱ्यांची रचलेली सीमा, पावळी म्हणजे छपराचे पाणी पडते ती ओळ, हे सगळे मेस्त्रींनी शिकवून ठेवले होते. गवंड्याची मराठी आणि कचेरीची मराठी या एका ओळीत भेटल्या. त्या ओळीमुळे नव्या छपराचा उत्तरेकडचा उतार आम्ही हातभर आखूड ठेवला आणि शेजारच्या काकींच्या परड्यात आमचे पाणी पडण्याचा प्रश्न उद्भवलाच नाही.

इथपर्यंतची भाषा शिकण्यात मजा होती. पुढची जड गेली.

सातबारा आज काय आहे ते सांगतो. ते तसे का झाले हे फेरफार सांगतो. आम्ही दादाजानच्या वारसांचा १९६८ सालचा फेरफार काढला. दादी आधीच गेल्या होत्या. वारस पाच: आमचे वालिद, दोन चाचा आणि दोन फुफी. तिघा भावांची नावे कब्जेदार म्हणून लागली होती. दोघी बहिणींबद्दल लिहिले होते की त्या लग्न होऊन सासरी नांदत आहेत, सबब त्यांची नावे इतर हक्कात ठेवावीत.

‘सबब’. उर्दूत याचा अर्थ कारण. कचेरीच्या मराठीत त्याचा अर्थ ‘म्हणून’. आणि बोलण्याच्या मराठीत सबब सांगणे म्हणजे निमित्त पुढे करणे. त्या एका ओळीत तिन्ही अर्थ लागू पडत होते. लग्न झाले हे हक्क कमी होण्याचे कारण कोणत्या शास्त्रात आहे? सूरह निसाच्या अकराव्या आयतीत मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा, पण ठरवून दिलेला आहे. लग्नाआधी एक आणि लग्नानंतर दुसरा, असा तो नाही. फराइज हा तर हिशेबाचाच विषय. तिथे ‘इतर’ नावाचा रकाना नसतो. पण गावोगावच्या जुन्या उताऱ्यांत मुलींची नावे याच रकान्यात बसलेली दिसतात, आणि हे काही एका समाजाचे वैशिष्ट्य नाही.

एका फुफी मरहूम झाल्या आहेत. दुसऱ्या मुंब्र्याला मुलाकडे असतात, वय चौऱ्याऐंशी. घरातल्या जाणत्यांनी सोपा मार्ग सांगितला: फुफीकडून हक्कसोडपत्र घेऊन टाका, त्या काही घर मागायला यायच्या नाहीत. रिवाजच तसा आहे, सगळीकडे असेच करतात. मसुदाही कोणीतरी आणून दिला. आम्ही भाषेचे शिक्षक, शब्द फोडून बघायची खोड. ‘हक्कसोड’ हा समास फोडला. हक्क अरबी, सोड मराठी. पहिला शब्द फुफींना लहानपणापासून माहीत होता. दुसरा त्यांना आम्ही शिकवायला निघालो होतो.

मुंब्र्याला गेलो, पण सही घ्यायला नाही, वाचून दाखवायला. फुफी देवनागरी वाचत नाहीत. कुराणशरीफ रोज वाचतात, उर्दू सावकाश वाचतात, आणि बोली पन्नास वर्षे मुंब्र्यात राहूनही गावचीच. आम्ही आधी फेरफार वाचला, मग तो त्यांच्या बोलीत सांगितला. जी बोली मेस्त्रींकडून वासे बदलण्यासाठी शिकलो होतो ती इथे कामी आली. उर्दूत सांगितले असते तर त्यांनी अदबीने मान हलवली असती आणि विषय संपला असता. त्यांच्या भाषेत सांगितल्यावर त्या प्रश्न विचारू लागल्या.

“सोडपत्र म्हणजे माका काय सोडूचा आसा?”

आम्ही मसुदा पुढे ठेवला. आठवा हिस्सा, असे सांगितले. अपूर्णांक त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही. मग आण्यांत मांडले. रुपयाचे सोळा आणे. तीन भाऊ, प्रत्येकी चार, ते झाले बारा. दोन बहिणी, प्रत्येकी दोन, त्या चार. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ रोजी. फुफींचे लहानपण आणे-पैत गेलेले. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाल्या, “म्हणजे माझे दोन आणे.” मग थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. चौपन्न वर्षांत त्यांना हा आकडा कोणी सांगितला नव्हता.

“ह्यो हक अल्लान दिलेलो. तो मी कित्याक सोडू?” हे त्यांनी रागाने विचारले नाही. खरोखरच उत्तर हवे होते. आमच्याकडे ते नव्हते. शेवटी त्याच म्हणाल्या, “माका घर नको. माझा नाव मात्र थयसर असांदे.”

घर नको, नाव तिथे असू दे. कायद्याच्या भाषेत या दोन गोष्टी एकत्र मागता येतात का, असे एका वकिलांना विचारले. ते म्हणाले, नाव ठेवा, हिस्सा त्यांचा राहील, वापराचे आपसात ठरवा. पुढे कधी त्यांना मुलांना द्यायचा असेल तर बक्षीसपत्र आहे. म्हणजे आपला हिबानामा. पुन्हा तोच अनुभव. कागदाचे नाव ओळखीचे निघाले.

मग अर्ज. फेरफारातली नोंद दुरुस्त करून दोन्ही फुफींच्या शाखा भोगवटादारांच्या रकान्यात घ्याव्यात, असा. नोटिसा निघाल्या, जबाब झाले, तारखा पडल्या. चौदा महिने लागले. कचेरीच्या फेऱ्यांपेक्षा घरातल्या फेऱ्या जड होत्या. धाकट्या चाचांना हे पटेना. घर विकायचे त्यांच्या मनात होते आणि नावे वाढली की विक्री अवघड. “मेलेला कागद उकरून काढलात,” असे ते म्हणाले, आणि एक ईद अबोल्यात गेली. त्यांचेही काही चुकत नव्हते. १९६८ साली ते वीस वर्षांचे होते. कोणी काय लिहिले हे त्यांनाही कोणी वाचून दाखवले नव्हते. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. तोच फेरफार त्यांच्यापुढे ठेवला आणि मोठ्याने वाचला. ‘सबब’पाशी आल्यावर त्यांनी हात वर केला, “थांब, परत वाच.” परत वाचला.

मंडळ अधिकाऱ्यांपुढे जबाब द्यायला चाचा स्वतः आले. काही म्हणायचे आहे का, असे विचारल्यावर दोन शब्द बोलले: “हरकत नाही.” उर्दूच्या तासाला आम्ही शिकवतो की हरकत म्हणजे हालचाल, अक्षरावर ज़ेर-ज़बर लावले की त्याला हरकत मिळते, नाहीतर ते साकिन, म्हणजे स्तब्ध. मराठीत हरकत म्हणजे आडकाठी. त्या दिवशी ‘हरकत नाही’ म्हटल्याने चौपन्न वर्षे साकिन पडलेल्या दोन नावांना हरकत मिळाली. हे उदाहरण आता आम्ही वर्गात देतो. मुलांना फारसे गमतीचे वाटत नाही, पण लक्षात राहते.

घर आता उभे आहे. मागची खोली नवी झाली. पैशाच्या दृष्टीने बघाल तर या घराने आम्हाला काही मिळवून दिले नाही. विकून बँकेत टाकले असते तर अधिक बरे, असे सांगणारे अजूनही भेटतात. त्यांचा हिशेब बरोबर असेल. आमच्या हिशेबात एक भाषा आली आहे, आणि ती पोटापाण्यासाठी शिकवत असलेल्या भाषेपेक्षा अधिक आपली वाटते. शाळेतल्या मराठीत आम्हाला गुण मिळाले होते. या मराठीत आमचे काहीतरी गुंतलेले होते: छप्पर, शेजार, एका म्हाताऱ्या बाईचे दोन आणे. माणूस भाषा कधी शिकतो, असे आता कोणी विचारले तर आम्ही म्हणू, तिच्यात त्याचे काही अडकलेले असते तेव्हा.

आपल्या बऱ्याच घरांत उर्दू दिवाणखान्यात असते आणि मराठी कपाटात, फायलीत बंद. फाईल उघडली जाते ती भांडण झाल्यावर किंवा गिऱ्हाईक आल्यावर. आमचे सांगणे एवढेच की ती आधीच उघडा. सातबारा, आठ-अ आणि त्यामागचे फेरफार, हे तीन कागद काढा. सातबारा आता संगणकावरही दिसतो, पण जुने फेरफार मागून घ्यावे लागतात, ते मागा. घरातल्या बायकांची नावे कोणत्या रकान्यात आहेत ते बघा. जिथे ‘सबब’ आला असेल तिथे थांबून पुन्हा वाचा. आणि घरात जे वयाने सर्वात मोठे असतील त्यांच्यापुढे हे कागद मोठ्याने वाचा, त्यांच्या बोलीत सांगा. सोलापूरची दखनी असो, मालवणी असो, खानदेशी असो. हिशेब त्यांना समजेल अशा नाण्यात मांडा. एवढे करायला वकील लागत नाही. वाचता येणारे घरातले एक मूल पुरते, आणि ते मूल मुलगी असेल तर आणखी चांगले.